साचा कोणाच्या हाती?

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास सांगावयाचा तो इतिहासाच्या प्राध्यापकांनी, अशी रीत आहे. आणि ती गैर आहे असे आम्हांला वाटत नाही. आम्ही प्राध्यापक नव्हे. आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकलो, एका मोटार कारखान्यात वीस वर्षे हातात पाना धरला आणि त्यानंतर पूर्ण वेळ युनियनच्या कामाला लागलो. जे थोडेबहुत वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ज्या व्याख्यानपरंपरेचा आरंभ केला, तिच्यात उद्योगधंद्याचा विचार परका नाही. अर्थकारणावर निबंध लिहिणाऱ्या रानड्यांना कारखान्याचे दार अस्पृश्य वाटले नाही. त्याच आधाराने आज आम्ही एका साध्या वस्तूचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहोत. ती वस्तू म्हणजे मोटारीचे बाह्यांग.

सभागृहाबाहेर आज पुष्कळ मोटारी उभ्या आहेत. घरी जाताना आपल्या मोटारीसमोर क्षणभर थांबून पाहावे. पुढे बंपर आहे, जाळी आहे, दिवे आहेत. बाजूला दारे व आरसे आहेत. मागे डिकीचे झाकण आहे. मधोमध कंपनीचे नाव चमकते. त्या नावाची कंपनी हा मुखवटा स्वतः बनवते असा आपला समज असणार. वस्तुस्थिती बहुधा तशी नसते. बंपर एकाने ओतलेला असतो, दिवे दुसऱ्याने दिलेले असतात. आणि हे सारे रेडिएटर, हॉर्न, बॉनेटचे कुलूप यांच्यासह एका चौकटीवर बसवून मोटारीचा पुढचा अख्खा भाग एकसंध स्वरूपात आणून देणारा तिसराच कोणी असतो. या तयार जोडसंचाला धंद्यात ‘मॉड्यूल’ म्हणतात. मोटारीची रंगवलेली बॉडी जुळणीच्या ओळीवर शिरली की पुरवठादाराच्या शेडमध्ये संदेश जातो : आता पांढरी, त्यामागून लाल, मग दोन करड्या. त्याच क्रमाने संच जुळवून, त्याच क्रमाने ट्रकमध्ये भरून, थोड्या तासांत, कधी तर त्याहूनही कमी वेळात, ओळीवर पोचवावयाचे. मोटार कंपनीच्या कामगाराने फक्त बोल्ट आवळावयाचे. हे असे का झाले, केव्हापासून झाले आणि त्यात कामगाराचे काय झाले, असे तीन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे शोधू लागले की प्रथम अमेरिकेला जावे लागते.

बाहेरून काम करून घेणे ही काही नवी युक्ती नव्हे. उलट मोटारधंद्याचा जन्मच तिच्यातून झाला. हेन्री फोर्ड यांची कंपनी १९०३ साली स्थापन झाली, तेव्हा तिच्यापाशी मोटार बनवण्याचा कारखाना असा नव्हताच. इंजिन, गिअर व आस हे सारे डॉज बंधूंच्या यंत्रशाळेतून यावयाचे; लाकडी बॉडी घोडागाड्या बनवणाऱ्या कारखान्यातून यावयाची; चाके तिसरीकडून. फोर्डच्या भाड्याच्या जागेत काही माणसे हे सर्व जुळवीत. म्हणजे ज्या फोर्डचे नाव पुढे ‘सर्व काही घरात’ या पद्धतीशी जोडले गेले, तो आरंभी केवळ जुळणीदार होता.

पुढे चक्र उलटे फिरले. १९१३ साली हायलंड पार्क येथे चालती जुळणी-ओळ सुरू झाली आणि मागणी इतकी वाढली की पुरवठादाराच्या वेगावर अवलंबून राहणे फोर्डला परवडेना. १९१७ साली रूज नदीकाठी प्रचंड कारखान्याची उभारणी सुरू झाली. तेथे एका टोकाला लोहखनिज व कोळसा उतरे आणि दुसऱ्या टोकाने मोटार बाहेर पडे. पोलाद घरचे, काच घरची. १९२९ च्या सुमारास तेथील कामगारांची संख्या एक लाखाच्या घरात गेली होती. रबरासाठी या माणसाने ब्राझीलच्या अरण्यात १९२८ साली स्वतःच्या नावाचे नगर वसवले. तो प्रयोग फसला, ही गोष्ट निराळी. ब्राझील ध्यानात ठेवावे, आपल्याला तेथे पुन्हा जावयाचे आहे.

मात्र बाह्यांगाची गोष्ट थोडी वेगळी घडली. बॉडी बनवणे हे मुळात सुताराचे व घोडागाडीवाल्याचे काम. ते यंत्रशाळेतील माणसाला येत नसे. म्हणून बॉडी बनवणारे स्वतंत्र कारखाने वाढले. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी १९१२ साली पोलादी बॉडीचा कारखाना काढला आणि १९१४ साली डॉज बंधूंनी स्वतःची मोटार काढली तेव्हा तिला बडची पोलादी बॉडी बसवली. डेट्रॉइटमध्ये एका चाककऱ्याच्या मुलांनी, फिशर बंधूंनी, १९०८ साली बॉडीचा धंदा सुरू केला. उघड्या मोटारी मागे पडून बंद मोटारींची मागणी वाढली तशी त्यांची भरभराट झाली. जनरल मोटर्सने १९१९ साली त्यांच्या कंपनीचा ६० टक्के हिस्सा घेतला आणि १९२६ साली ती संपूर्ण पोटात घातली.

हे का केले, यावर अर्थशास्त्रज्ञ आजही वाद घालतात. काही म्हणतात, एकाच पुरवठादारावर विसंबले की तो अडवणूक करतो, त्यापेक्षा त्यालाच विकत घेतलेले बरे. रोनाल्ड कोझ नावाच्या इंग्रज विद्वानाला हे मत पटले नाही. हे गृहस्थ विद्यार्थिदशेत, १९३१-३२ साली, अमेरिकेतील कारखाने हिंडून पाहत होते. त्यांना पडलेला प्रश्न लहान मुलाने विचारावा इतका साधा होता : वस्तू बाजारात मिळत असताना कंपनी ती घरात का बनवते, आणि घरात बनवणे सोयीचे असेल, तर मग सगळेच घरात का बनवीत नाही? त्यांचे उत्तर असे की, बाजारातून घेण्यालाही खर्च पडतो. भाव शोधणे, घासाघीस करणे, करार करणे व तो पाळून घेणे हा तो खर्च. तो जेथे जड होतो तेथे घरात बनवावे. हलका होतो तेथे बाहेरून घ्यावे. हा निबंध १९३७ साली प्रसिद्ध झाला आणि १९९१ साली कोझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निबंध आम्ही मराठी-इंग्रजी कोश शेजारी ठेवून तीन वेळा वाचला. त्याची योग्यता आम्ही जाणतो. पण त्यात एक खर्च नीट दिसत नाही. तो खर्च म्हणजे संघटित कामगार. त्याच १९३७ साली हा खर्च मिशिगन राज्यातील फ्लिंट या गावी जगाला दिसला.

ती हकिगत सांगण्यापूर्वी चार वर्षे मागे जाणे भाग आहे. फोर्डला बॉडी पुरवणारी ब्रिग्ज नावाची कंपनी डेट्रॉइटमध्ये होती. मंदीच्या काळात तेथील मजुरी खाली आणली गेली आणि काम नसताना यंत्रापाशी ताटकळत उभे राहिलेल्या वेळेचे पैसे मिळेनासे झाले. जानेवारी १९३३ मध्ये कामगारांनी संप केला. बॉडी येईनात, म्हणून बलाढ्य फोर्डला आपले कारखाने थांबवावे लागले. संप शेवटी पुरा यशस्वी झाला नाही. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली : पुरवठादाराचा कामगार सर्वांत स्वस्त असतो, आणि त्याच वेळी ओळ थांबवण्याची शक्तीही त्याच्याच हाती असते. हे दुहेरी सत्य आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

आता फ्लिंट. पत्र्याची बॉडी कशी होते हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोलादाचे दोन जड ठोकळे असतात, एक खोलगट व एक फुगीर. त्यांना कारखान्यात डाय म्हणतात. आपण साचा म्हणू. दोहोंमध्ये पत्रा ठेवून प्रेस दाबला की मडगार्ड, दार किंवा छप्पर तयार होते. असा साचा घडवण्यास महिनोन्महिने लागतात आणि खर्च अपार येतो. १९३५ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने एकसंध पोलादी छप्पर आणले. त्याचे साचे तर फारच अवाढव्य. कंपनीच्या बहुतेक मोटारींच्या बॉडीचे मुख्य साचे दोनच ठिकाणी होते : क्लीव्हलंडचा फिशर कारखाना आणि फ्लिंटचा फिशर क्रमांक एक. क्लीव्हलंडला २८ डिसेंबर १९३६ रोजी काम थांबले. ३० तारखेला फ्लिंटमध्ये वार्ता पसरली की साचे रेल्वेच्या वाघिणींत भरले जात आहेत, म्हणजे जेथे युनियन दुबळी तेथे ते हलवले जाणार. कामगार कारखान्यात शिरले आणि तेथेच बसले. ४४ दिवस बसले. ११ जानेवारीला पोलिसांनी क्रमांक दोनच्या कारखान्यावर अश्रुधूर सोडला; आतल्या लोकांनी मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या फेकून आणि पाण्याचे पंप लावून तो हल्ला परतवला. बाहेर बायकांची तुकडी उभी होती. राज्यपाल मर्फी यांनी नॅशनल गार्डचे सैनिक आणले, पण कामगारांना हुसकण्यासाठी ते वापरण्याचे नाकारले. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने दोन वर्षांपूर्वी जन्मलेल्या युनियनशी करार केला.

या लढ्याचे वर्णन आमच्या चळवळीत पुष्कळदा होते आणि ते बहुधा शौर्याचे होते. शौर्य होतेच. पण शौर्याइतकीच अक्कलही होती. हजारो कामगारांची जुळणी-ओळ अडवण्यापेक्षा दोन साचेघरे अडवावीत हे त्यांना उमगले होते. साचा ज्याच्या हाती, मोटार त्याच्या हाती.

धडा एकट्या कामगारांनी घेतला असे नाही. मालकांनीही घेतला, तो लगेच अमलात आला नाही एवढेच. महायुद्धानंतर काही वर्षे ‘घरात बनवा’ हेच मत जोरात राहिले. १९५३ साली क्रायस्लरने ब्रिग्जचा बॉडीचा धंदा विकत घेतला. त्यामुळे ब्रिग्जच्याच बॉडीवर चालणाऱ्या पॅकार्ड या नामांकित मोटारीची कोंडी झाली. घाईघाईने स्वतःचे बॉडीघर उभे करताना ती कंपनी जेरीस आली आणि १९५६ साली तिचा डेट्रॉइटमधील कारखाना बंद पडला. जपानात मात्र वारे उलट वाहत होते. १९४९ च्या आर्थिक ओढाताणीत टोयोटाने आपली विजेच्या उपकरणांची शाखा वेगळी काढून तिची निप्पॉनडेन्सो ही कंपनी केली. त्याच वर्षी रबराची शाखाही वेगळी झाली, जी आज टोयोडा गोसेई या नावाने मोटारीच्या जाळ्या व प्लास्टिकचे भाग बनवते. पुरवठादार आपल्या पंखाखाली ठेवावयाचा, माल नेमक्या वेळी मागवावयाचा आणि साठा ठेवावयाचा नाही, ही जपानी रीत पुढे सर्व जगाने उचलली.

याच सुमारास बाह्यांगाचे द्रव्यच बदलले. आमच्या लहानपणी बंपर म्हणजे क्रोम चढवलेली पोलादी पट्टी. ती मोटार कंपनीच्या प्रेसमध्ये होत असे. १९७२ साली रेनॉ कंपनीने आपल्या छोट्या मोटारीला प्लास्टिकचे बंपर लावले. त्याच वेळी अमेरिकेत असा नियम आला की, ताशी ५ मैलांची धडक बंपरने सोसली पाहिजे. लोखंड जड होऊ लागले, पेट्रोल महागले, आणि बंपर हळूहळू प्लास्टिकचा झाला, पुढे मोटारीच्याच रंगात रंगू लागला. आता मोटार कंपनीपाशी प्रेस होते, पण प्लास्टिक ओतण्याची यंत्रे नव्हती आणि ती विद्याही नव्हती. ती ज्यांच्यापाशी होती अशा कंपन्या पुढे आल्या. फ्रान्सची प्लास्टिक ओम्नियम ही त्यांपैकी एक. १९४६ साली पॅरिसमध्ये छोट्या प्रमाणावर सुरू झालेली ही कंपनी पुढे बंपरांच्या धंद्यातील मातब्बर झाली. म्हणजे बंपर कारखान्याबाहेर गेला तो केवळ मालकाच्या कपटाने गेला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. द्रव्य बदलले, त्याबरोबर विद्या बदलली आणि विद्येमागून काम गेले. मात्र एकदा वाट पडल्यावर त्या वाटेने जे जाण्याचे कारण नव्हते तेही गेले.

ही वाट रुंद करणारे गृहस्थ म्हणजे इग्नासियो लोपेझ. १९९२ साली ते जनरल मोटर्सचे खरेदीप्रमुख झाले आणि त्यांनी पुरवठादारांशी झालेले जुने करार फाडून भाव खाली आणण्याचा सपाटा लावला. १९९३ साली ते फोक्सवागेनकडे गेले. कागदपत्रे पळवल्याच्या आरोपावरून दोन कंपन्यांत मोठे भांडण झाले आणि १९९७ च्या जानेवारीत फोक्सवागेनने १० कोटी डॉलर देऊन व एक अब्ज डॉलरचा माल घेण्याचे कबूल करून ते मिटवले. पण त्याआधीच, नोव्हेंबर १९९६ मध्ये, लोपेझ यांचे स्वप्न ब्राझीलमधील रेसेंदे या गावी उभे राहिले होते. हा ट्रक व बस यांचा कारखाना. त्याच्या छपराखाली सात पुरवठादार आपापल्या आखलेल्या जागेत उभे : कोणी चासी, कोणी आस व स्प्रिंगा, कोणी टायर, कोणी इंजिन, कोणी केबिनचे पत्रे, कोणी रंग, कोणी आतील साज. ते माल देऊन निघून जात नसत; ट्रकवर तो आपल्याच माणसांकडून बसवीत. फोक्सवागेनची स्वतःची माणसे थोडी. ती आराखडा करणार, दर्जा तपासणार व ट्रक विकणार. ट्रक तपासणीतून पार पडला की पुरवठादारांचे पैसे. फोर्डने ज्या देशात रबराच्या झाडापासून मोटारीपर्यंत सारे आपले करू पाहिले, त्याच देशात सत्तर वर्षांच्या आत असा कारखाना निघाला की जेथे ट्रकवर नाव कंपनीचे आणि ट्रकला लागलेला जवळजवळ प्रत्येक हात दुसऱ्याचा.

पुढल्याच वर्षी, १९९७ मध्ये, फ्रान्समधील आंबाख येथे ‘स्मार्ट’ या चिमुकल्या मोटारीचा कारखाना सुरू झाला. त्याची इमारत क्रुसाच्या आकाराची, आणि क्रुसाच्या भुजांभोवती पुरवठादारांची घरे. मोटारीचे बाह्य प्लास्टिकचे तक्ते एक कंपनी बनवी, दारे दुसरी, रंगकाम तिसरी. पुढे कारखाना २०२० च्या अखेरीस दुसऱ्या मालकाला विकण्याचे ठरले. ब्राझीलमध्ये फोर्डने २००१ साली कमासारी येथे अशाच धर्तीचा, पुरवठादारांना आवारात घेणारा कारखाना काढला होता. जानेवारी २०२१ मध्ये फोर्डने ब्राझीलमधील मोटारउत्पादनच थांबवत असल्याचे जाहीर केले. फोर्डच्या स्वतःच्या सुमारे ५,००० नोकऱ्यांचा आकडा वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापून आला. आवारातील पुरवठादारांच्या माणसांचा आकडा तितक्या मोठ्या अक्षरांत आला नाही. मूळ झाड तोडले की त्यावरील वेलींची मोजदाद कोण करतो?

अमेरिकेत परत येऊ. १९९८ साली फ्लिंटमध्ये पुन्हा संप झाला आणि कारण ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. सुटीच्या दिवसांत कंपनीने फ्लिंटच्या पत्राकाम कारखान्यातून नव्या ट्रकच्या बॉनेट वगैरेंचे साचे उचलून ओहायो राज्यात नेले. बासष्ट वर्षांनी तेच गाव, तीच कंपनी आणि तेच साचे! ५ जूनला संप सुरू झाला. लवकरच दुसरा कारखानाही सामील झाला. दोन कारखान्यांतील सुमारे ९,२०० कामगारांमुळे जनरल मोटर्सचे उत्तर अमेरिकेतील जवळजवळ सारे काम थांबले आणि दीड लाखाहून अधिक माणसे घरी बसली. ५४ दिवसांनी, २८ जुलैला, तडजोड झाली. साचे फ्लिंटला परत आले. आमच्या युनियन कचेरीत त्या दिवशी पेढे वाटल्याचे आम्हांला आठवते.

ते पेढे फार दिवस गोड लागले नाहीत. आठवडा होतो न होतो तोच, ३ ऑगस्टला, जनरल मोटर्सने जाहीर केले की सुट्या भागांची आपली सारी शाखा वेगळी काढून तिची डेल्फी नावाची स्वतंत्र कंपनी करणार. १९९९ साली तसे झाले. रेसेंदेच्या धर्तीवर लहान मोटारी जुळवण्याची जनरल मोटर्सची एक योजनाही त्याच वर्षी पुढे आली होती. ती युनियनच्या विरोधामुळे मागे घ्यावी लागली. पण जे दाराने आणता आले नाही ते खिडकीने आले. ऑक्टोबर २००५ मध्ये डेल्फीने दिवाळे जाहीर केले आणि मजुरी निम्म्याहूनही खाली आणण्याची मागणी केली. फोर्डने २००० साली व्हिस्टिऑन ही कंपनी अशीच वेगळी काढली होती. ३१ मार्च २००९ रोजी इंग्लंड व उत्तर आयर्लंडमधील तिच्या सुमारे ६०० कामगारांना उभ्या उभ्या सांगण्यात आले की कारखाना आजपासून बंद. त्यांतील पुष्कळ जण फोर्डमध्ये लागलेले. वेगळे होताना त्यांना फोर्डसारख्याच अटींचे वचन मिळाले होते. फोर्ड म्हणाली, ही आता निराळी कंपनी आहे. बेलफास्ट व एनफील्ड येथील कामगार फ्लिंटप्रमाणेच कारखान्यात ठाण मांडून बसले. काही आठवड्यांनी भरपाईची रक्कम मिळाली. निवृत्तिवेतनाच्या तडजोडीला मात्र २०१४ साल उजाडले.

आता आपल्या घराकडे वळतो. आपल्याकडे मोटारधंदा सुरू झाला तेव्हा पुरवठादार नव्हतेच. शेठ वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ सालची; टेल्कोचे काम पिंपरी-चिंचवड परिसरात सुरू झाले ते १९६६ साली. त्या काळी कारखान्यात ओतशाळेपासून साचेघरापर्यंत सर्व काही असे. १९८३ साली मारुतीची पहिली मोटार बाहेर पडली. तिच्याबरोबर भागीदारीतील पुरवठादार उभे करण्याची पद्धत रुजली. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, आणि २००९ साली चाकणला फोक्सवागेनचा कारखाना निघाला तेव्हा पुरवठादारांची जागा आवारातच राखलेली होती. भोसरीपासून रांजणगावपर्यंत जे छोटेमोठे कारखाने दिसतात त्यांतील असंख्य या साखळीच्या कड्या आहेत.

यापुढील गोष्ट आमची स्वतःची आहे. कारखान्याचे नाव सांगत नाही. नावाने काही अधिक कळणार नाही. २००१ साली पगारवाढीच्या कराराची बोलणी चालू होती. आम्ही कमिटीत होतो. व्यवस्थापनाने प्रस्ताव ठेवला : बंपर रंगवण्याचा व जुळवण्याचा विभाग बाहेर द्यावयाचा, विभागातील एकाही कायम कामगाराची नोकरी जाणार नाही, सर्वांना दुसरीकडे सामावून घेऊ, आणि त्या बदल्यात आजवर न मिळालेली पगारवाढ. एका म्हाताऱ्या पेंटरने सभेत विचारले, “आज बंपर देता, उद्या दार मागतील, तेव्हा काय द्याल?” लोक हसले. आम्हीही हसलो. करारावर सही केली. गुलाल उधळला गेला.

शब्द पाळला गेला. खरोखरच एकाचीही नोकरी गेली नाही. म्हणूनच आपले काय गेले हे समजण्यास आम्हांला पंधरा वर्षे लागली. २०१६ साली एका व्हेंडरच्या फाटकाबाहेर आम्ही पत्रके वाटत होतो. एक तरुण थांबला. आमच्याच खात्यातून निवृत्त झालेल्या मित्राचा मुलगा. “काका, मी तुमच्याच कारखान्याचे बंपर जोडतो,” तो म्हणाला, “पण तुमच्या गेटच्या आत फक्त माझा बंपर जातो.” तो व्हेंडरचाही नोकर नव्हता, व्हेंडरने नेमलेल्या ठेकेदाराचा होता. बापाला निवृत्तीच्या वेळी जो पगार होता त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही मुलाला मिळत नव्हता. त्याने विचारले, “त्या करारावर तुमची सही होती ना?” आम्ही म्हणालो, “होती.” त्याने पत्रक घडी करून खिशात ठेवले आणि पाळीला गेला.

आम्ही त्या दिवशी जे शिकलो ते असे. युनियन जी नोकरी आहे ती राखते. जी उद्या निघावयाची आहे, तिच्यासाठी सभेत हात वर करणारा कोणी नसतो. आमच्या सहीने माणूस निघाला नाही, पण जागा निघाली. आणि जागा गेली की तिच्यावर पुढे बसणारा आपला मुलगाच असतो.

कायदा येथे का उपयोगी पडला नाही, असे कोणी विचारील. कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा १९७० साली झाला. एका आस्थापनेत ठेकेदारामार्फत राबणाऱ्या माणसाची दखल त्याने घेतली. परंतु व्हेंडरचा कारखाना हे कायद्याच्या दृष्टीने वेगळेच घर. रस्ता ओलांडला की नाते तुटले. बंपर रस्ता ओलांडून येतो. हक्क ओलांडत नाही.

व्हेंडरलाही सरसकट खलनायक ठरवणे न्यायाचे होणार नाही. त्यांतील कित्येक जण आमच्यासारखेच टूलरूममध्ये वाढलेले, कर्ज काढून शेड टाकलेले. जुन्या गावगाड्यातील बलुतेदारांशी त्यांची तुलना काही लोक करतात. बलुतेदारीतील अन्याय आम्ही विसरत नाही. पण बलुतेदाराला निदान वतन असे, त्याचे काम पाटलाला रातोरात दुसऱ्याला देता येत नसे. व्हेंडरला वतन नाही, फक्त शेड्यूल आहे. त्याच्या शेडमधील बंपरचा साचा पाहावा. त्यावर पुष्कळदा मोटार कंपनीच्या मालकीची पट्टी ठोकलेली असते. साचा उभा त्याच्या छपराखाली, राबवणार ठेकेदाराचा मुलगा, मालक तिसराच. भावावरून बिनसले की ट्रक येतो आणि साचा दुसऱ्या शेडमध्ये जातो. फ्लिंटमध्ये जे दोनदा संप होण्याइतके मोठे प्रकरण होते, ते येथे एका चलनाच्या कागदावर होते.

तथापि ब्रिग्जने शिकवलेले दुहेरी सत्य अजून जिवंत आहे. साठा ठेवावयाचा नाही हे एकदा ठरले म्हणजे व्हेंडरच्या शेडमध्ये दोन तास काम थांबले की मोठ्या कारखान्याची ओळ थांबते. २००९ साली गुडगावमधील सुट्या भागांच्या एका कारखान्यात काम बंद पडले, तेव्हा सातासमुद्रापार अमेरिका खंडात फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या कारखान्यांना त्याची झळ लागली. म्हणजे साचा आजही कामगाराच्याच हाताखाली आहे. फरक इतकाच की १९३६ साली तो संघटित कामगाराच्या हाताखाली होता आणि आज तो सर्वांत एकट्या कामगाराच्या हाताखाली आहे.

यावर उपाय विचाराल तर आमच्यापाशी जादूची कांडी नाही. पण इतिहासाने दिलेली दिशा स्पष्ट आहे. फाटकापुरती युनियन पुरेशी नाही. बंपर ज्या वाटेने जातो त्या वाटेने युनियनने गेले पाहिजे. मोठ्या कारखान्यातील करार करताना व्हेंडरकडील किमान मजुरीचे व पाळीचे कलम त्यात घातले पाहिजे, मग आपली पगारवाढ थोडी कमी झाली तरी चालेल. हे बोलणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. आमच्याच सभांत त्यावर शिट्या पडल्या आहेत. आज आम्ही त्या तरुणासह सात व्हेंडरांकडील मुलांची एक समिती चालवतो. दर रविवारी सकाळी सभासद जमतात. कधी तीस, कधी पाच. फ्लिंटमध्येही आरंभी फार माणसे नव्हती.

आपण नगरवासी मंडळी मोटारी वापरता, विकत घेता, कोणी त्यांचे समभागही बाळगता. आपल्याकडून आम्ही वर्गणी मागत नाही. मागणे एवढेच की, मोटारीचा मुखवटा पाहून तिचा कर्ता ओळखला असे समजू नये. नावाच्या पट्टीमागे अनेक घरे आहेत, त्या घरांत अनेक पाळ्या चालतात, आणि शेवटच्या घरातील मुलाने जोडलेला बंपरच आपल्या मोटारीच्या सर्वांत पुढे असतो. धडक बसली तर पहिली त्याला बसते.